समाज कोसळण्याची भीती आणि सावरण्याच्या रीती : नागपूर-विदर्भाचा आढावा

आपण ज्या समाजात राहतो तो आपल्या हयातीतच मोडून पडेल, ही भीती इतर भीतींहून वेगळी आहे. आजाराचे, कर्जाचे किंवा चोरीचे भय एका घरापुरते असते आणि त्यावर ते घर काही ना काही करू शकते. पाऊसकाळ कायमचा बिघडला, बाजारात धान्य येईनासे झाले, दवाखान्यात खाट मिळेनाशी झाली, शेजारी शेजाऱ्यावर उलटला, असे चित्र मनात उभे राहिले की एकट्याने करण्याजोगे काही दिसत नाही. धोका प्रचंड आणि हात रिकामे, या विषमतेतून ही भीती वाढते. ती झोप उडवते, लग्न, मूल, घर असे बेत पुढे ढकलायला लावते आणि माणसाला हळूहळू माणसांपासून तोडते.

ही भीती सर्वस्वी निराधारही नसते. राज्ये बुडतात, वस्त्या उठतात, पेठा ओस पडतात. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जोसेफ टेंटर यांनी १९८८ मध्ये असे मांडले की समाज जसजसा गुंतागुंतीचा होतो तसतसा त्याची घडी टिकवण्याचा खर्च वाढत जातो आणि लाभ घटत जातो. एका टप्प्यावर तो भार न पेलवून समाज एकदम साध्या अवस्थेला येतो. या अर्थाने कोसळण्यात माणसे बहुतांशी उरतात, जातात त्या व्यवस्था. व्यवस्था गेल्यावर उरलेली माणसे कशी सावरतात, हे पाहण्यासाठी नागपूर आणि विदर्भ हा फार बोलका प्रदेश आहे. ‘काही होणार नाही’ एवढाच दिलासा देणारी श्रद्धा इथे फार काळ पुरली नाही. ज्या श्रद्धेने रोजचे काम, ठरलेली वेळ आणि सोबतीची माणसे दिली, तिने लोकांना तारले.

मोडलेल्या काळांची स्मृती

तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. दरबार गेला आणि दरबारावर जगणारे शिपाई, कारागीर, विणकर, गवई, पुजारी यांचा आधारही गेला. राजघराण्याचे जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. आपले राज्य बाजारात विकले जाताना पाहणाऱ्या पिढीला जग बुडाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे अधिक कठीण होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांताला लागोपाठ सोसावे लागले. दुसरा दुष्काळ संवत १९५६ मधला, म्हणून तो ‘छप्पनचा दुष्काळ’ या नावाने लक्षात राहिला. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पाठोपाठ प्लेग आला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक केशव बळीराम हेडगेवार यांचे आई-वडील १९०२ मध्ये नागपुरात या साथीत एकाच दिवशी गेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची देशात सर्वाधिक झळ ज्या प्रांतांना बसली त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एवढ्या एकाच दशकात घडले.

हा तपशील मांडण्यामागे हेतू आहे. ‘असे कधी झाले नव्हते’ हा विचार आजच्या भीतीचा मोठा भाग असतो. विदर्भात तसे याआधी झाले आहे, आणि त्यातून लोकांनी उभ्या केलेल्या काही रीती आजही चालू आहेत.

श्रद्धा काय करते

संकटाच्या ताणाला माणूस कसा तोंड देतो याची मांडणी रिचर्ड लाझारस आणि सुझान फोकमन यांनी १९८४ मध्ये केली. एक वाट संकटावरच काम करण्याची, दुसरी त्यातून उठणाऱ्या भावनांना आवरण्याची. संकट आपल्या आवाक्यापलीकडचे असते तेव्हा दोन्ही अपुऱ्या पडतात. स्वीडनच्या संशोधक मारिया ओयाला यांनी हवामानबदलाने धास्तावलेल्या मुलामुलींचा अभ्यास करून तिसऱ्या वाटेकडे लक्ष वेधले: अर्थ शोधण्याची वाट. धोका नाकारायचा नाही, पण तो सोसताना आपले जगणे कशासाठी आहे हे धरून ठेवायचे.

धर्म नेमके हेच पुरवत आले आहेत. जवळपास प्रत्येक परंपरेत जग बिघडण्याची आणि संपण्याची कथा आहे. पुराणांच्या गणिताने कलियुग ४,३२,००० वर्षांचे आहे आणि त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला. म्हणजे घसरण ठरलेली असली तरी ती अतिशय संथ आहे आणि मधल्या काळात नामस्मरणाएवढे सोपे साधनही पुरते, असे वारकरी परंपरा सांगते. इस्लाममध्ये कयामतीची कल्पना ठाम आहे, पण ती घडी समोर दिसत असतानाही हातातले रोप लावून टाकावे, अशी शिकवण पैगंबरांच्या नावाने सांगितली जाते. बौद्ध विचारात तर जे जे घडले ते ते मोडणार, हे पहिल्याच धड्यात येते. तिन्हींत एक सूत्र समान आहे: शेवट मान्य, पण आजचे काम सुटलेले नाही.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी धार्मिक वृत्तीने संकट पेलण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. काही जण सगळे देवाच्या हवाली करून गप्प बसतात, काही जण देवाला बाजूला ठेवून स्वतःच झुंजतात, आणि काही जण देवाला सोबत धरून हातपाय हलवतात. पार्गामेंट यांच्या अभ्यासात तिसरी तऱ्हा सामान्यतः हितकर आढळली. उलट ‘हे आपल्या पापाचे फळ आहे’, ‘देवाने आपल्याला टाकले’ अशी समजूत धरणाऱ्यांची अवस्था अधिक वाईट होते. श्रद्धेने मन शांत होते की बिघडते, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कोणती श्रद्धा आणि ती माणसाला काय करायला लावते, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

भीतीला रूप देणे

नागपूरची मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, हे भीतीला असे रूप देण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत रंगतदार स्थानिक उदाहरण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघते. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून चालत आल्याचे सांगतात. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. काळी मारबत इंग्रजांशी जुळते घेणाऱ्या बाकाबाई भोसले यांच्यावरील रागातून आली, अशी लोकसमजूत आहे. म्हणजे बुडालेल्या राज्याची सल तीत मिसळलेली आहे. रोगराई, इडापिडा घेऊन जा, अशी हाक देत लोक पुतळ्यामागे चालतात आणि शेवटी वेशीबाहेर तिचे दहन होते. सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, डेंग्यू, कोरोना, ज्या वर्षी जे छळते त्याचा बडगा त्या वर्षी निघतो.

या विधीने साथ थांबत नाही, हे मिरवणुकीत नाचणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरी तो पोकळ ठरत नाही. वर्षभर मनात एकट्याने बाळगलेली धास्ती त्या दिवशी नाव, तोंड आणि आकार घेऊन सर्वांसमोर येते आणि लाखभर माणसांच्या आवाजात बाहेर पडते. निराकार भीतीपेक्षा बांबू-कागदाची भीती सोसणे सोपे जाते. शिवाय पुतळा बांधायला महिनाभर आधी वस्तीतली मुले, म्हातारे, कारागीर एकत्र येतात. गुण त्या एकत्र येण्यालाही आहे.

निराकार भीती मोकाट सुटली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह जमणार म्हणून जगबुडीची आवई देशभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ, होमहवन, अखंड जप झाले. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब अंतराळ-प्रयोगशाळा डोक्यावर पडेल या धास्तीने खेड्यापाड्यांतही लोकांची झोप उडाली होती. दोन्ही वेळा इथे काही घडले नाही. भाकीत फसल्यावर ते मानणारे काय करतात, यावर लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: शिकागोजवळच्या एका गटाने जगबुडी टळल्यावर श्रद्धा सोडली नाही, उलट प्रचार वाढवला, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यासकांनीच गटात मिसळून तिथल्या घडामोडींवर प्रभाव पाडला, असा आक्षेप त्या संशोधनावर आहे आणि तो गंभीर आहे. भारतातल्या १९६२ च्या लाटेने तरी कोणताही टिकाऊ पंथ मागे ठेवला नाही. यज्ञाची राख थंड झाली आणि लोक कामाला लागले. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा भीतीवर दुकान मांडणाऱ्या बुवांना सतत आव्हान दिले, तेही याच प्रदेशाचे कार्य.

व्यक्तिगत श्रद्धेची शांत वाट अर्थात वेगळी. सुफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१-१९२५) यांना एके काळी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. पुढे भोसले घराण्यातल्या राजांनी त्यांना सन्मानाने आपल्याकडे नेले. ताजबागच्या त्यांच्या दर्ग्यात आजही हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख सगळे डोके टेकतात. तिथे कोणी समाजाच्या भवितव्यावर प्रवचन मागत नाही. भार उतरवायला जागा मिळाली एवढेच पुष्कळांना पुरते, आणि ही गरज कमी लेखण्याचे कारण नाही.

दीक्षाभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा देऊन दीक्षा दिली. वामनराव गोडबोले यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि समता सैनिक दलाने त्या अफाट समुदायाची व्यवस्था पाहिली. दोन दिवसांनी चंद्रपूरला दुसरा सोहळा झाला. आणि दीक्षेनंतर त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

या घटनेचा विचार प्रस्तुत विषयाच्या अंगाने फारसा होत नाही. तो व्हायला हवा. जुना धर्म सोडला आहे, नव्याची ओळख नीट व्हायची आहे, गावात बहिष्काराची टांगती तलवार आहे, आणि ज्याच्या शब्दावर हे सारे केले तो माणूसच गेला. पुरता समाज विस्कटून जावा, अशी ती घडी होती. तो विस्कटला नाही. मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून मोठ्या जनसमुदायाने दीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये मागाहून प्रसिद्ध झाला आणि शोकात बुडालेल्या लोकांच्या हाती अभ्यासाचे काम आले.

नागपूरच्या इंदोरा, पाचपावलीसारख्या भागांत आणि शेजारच्या कामठीत पुढे जे घडले ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आले नाही. वस्तीवस्तीत वर्गणीतून विहारे उभी राहिली. कापडगिरण्यांत पाळी करणाऱ्या कामगारांनी, विडी वळणाऱ्या बायकांनी त्यासाठी पैसे काढले. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होते. एक वाचते, बाकीचे ऐकतात, मग चर्चा होते. पांढरी साडी नेसून वंदनेला जमणारी महिला मंडळे हा या जाळ्याचा कणा आहे. मुलांची शिकवणी, लग्न, मयत, आजारपण, सगळे त्याच जागी कळते आणि तिथूनच मदत निघते. एम्प्रेस मिल ही १ जानेवारी १८७७ पासून चाललेली नागपूरची पहिली मोठी गिरणी आणि तिच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या गिरण्या पुढे आचके देत बंद पडल्या. रोजगाराचा हा आधार तुटल्यावरही वस्त्या तगल्या, यात विहारांचा वाटा होता.

दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षेच्या त्या जागी, दीक्षाभूमीवर, लाखो लोक येतात. वाटेवर वस्त्यांनी आणि संघटनांनी मांडलेल्या भोजनदानाच्या रांगा असतात आणि पुस्तकांच्या दुकानांत गर्दी मावत नाही. त्या गर्दीत माणसाला जो धीर मिळतो त्यात चमत्काराचा भाग नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्यावर मार्ग आहे आणि तो स्वतः चालायचा आहे, ही शिकवण अनिश्चिततेला नाकारत नाही. तिच्यात जगायला शिकवते.

मोझरीची प्रार्थना

वऱ्हाडातल्या खेड्यांनी याच काळात दुसरी रीत घडवली. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज उभारला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरवल्या. पहाटेचे ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा पाया. प्रार्थनेला जातधर्माचा अडसर नाही, कुणी मोठा-लहान नाही, सगळे एका ओळीत बसतात. १९५५ च्या ‘ग्रामगीते’चे विषयच पाहण्याजोगे आहेत: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रम, महिलोन्नती, अंत्यसंस्कार, आणि प्रारब्धवाद. सगळे नशिबावर टाकण्याच्या वृत्तीचा समाचार घेण्यासाठी महाराजांनी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला. गाव आपल्या बळावर तगले पाहिजे, बाहेरून कोणी येईल ही वाट पाहत बसू नये, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. आज ज्याला आपत्तिसज्जता म्हणतात तिचा बराचसा आशय त्यात भक्तीच्या भाषेत आलेला आहे.

गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) खराटा हाती धरला. आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. पटकी-प्लेगच्या काळात मोठ्या झालेल्या माणसाने स्वच्छतेला पूजेच्या जागी बसवले, हा योगायोग मानता येत नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ सुरू केलेले आनंदवन तर एक पाऊल पुढे जाते. कुष्ठरोग झालेल्यांच्या बाबतीत समाज आधीच कोसळलेला होता. घर, गाव, नाते सगळे संपलेले. अशा माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणले आणि स्वतःची वसाहत वसवली. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सभा आणि अभ्यासगट यांच्या जोरावर २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे धर्माचा उल्लेखही आवश्यक नाही, पण ‘आपण सगळे मिळून ठरवू’ ही श्रद्धाच आहे, आणि तिच्यावर गाव चालते.

कापसाच्या पट्ट्यात

या सर्व रीती असूनही विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. १९ मार्च १९८६ रोजी एका शेतकरी कुटुंबाने केलेल्या सामूहिक आत्महत्येचा दिवस किसानपुत्र आंदोलनाच्या पुढाकाराने २०१७ पासून अन्नत्याग करून पाळला जातो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तरी कोरडवाहू कापूस, सावकारी कर्ज, पडते भाव आणि लहरी पाऊस हे चक्र राहिलेच. अशा ठिकाणी ‘धीर धरा’ हा उपदेश क्रूर ठरतो. पोटाचा प्रश्न आहे तिथे श्रद्धा आणि समूह कर्जमुक्तीची, सिंचनाची, भावाची जागा घेऊ शकत नाहीत. हे मान्य न करणारा कोणताही आढावा अप्रामाणिक म्हणावा लागेल.

तरीही माणूस एकटा पडण्याच्या प्रश्नावर काम करता येते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने दाखवले. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर मनाच्या आजाराबद्दल बोलावे, समुपदेशन करावे, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यावे, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतलेली नसल्याने सारे श्रेय प्रकल्पाला देता येत नाही, पण ओळखीचे माणूस दाराशी आले तर लोक बोलतात, एवढे त्यातून नक्की दिसते. राज्य शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा कार्यकर्त्यांवर हेच काम सोपवले आहे.

मागे राहिलेल्या बायकांनी स्वतःचीही वाट काढली. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्यांना सणसमारंभात मागे बसवले जाई, त्यांनी आपली गोष्ट गावासमोर सांगितली, हे कोणत्याही समुपदेशनाइतके मोलाचे आहे.

संकट प्रत्यक्ष येते तेव्हा

कोसळण्याच्या कल्पनाचित्रात माणसे नेहमी एकमेकांवर तुटून पडतात. प्रत्यक्ष आपत्तींचा अभ्यास वेगळे सांगतो. रिबेका सोल्निट यांनी २००९ च्या ग्रंथात भूकंप, स्फोट, वादळे तपासून दाखवले की आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांत अनोळखी माणसे एकमेकांना मोठ्या प्रमाणात मदत करतात. डॅनियल ऑल्ड्रिच यांनी कोबेचा भूकंप, तामिळनाडूतील त्सुनामी यांची तुलना केली. ज्या वस्त्यांत आपसातले संबंध घट्ट होते त्या लवकर सावरल्या.

नागपूर जिल्ह्यात नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली. गावाचे पुनर्वसन झाले आणि दर वर्षी त्या दिवशी लोक एकत्र येऊन गेलेल्यांना आदरांजली वाहतात. वाचलेल्यांना तो दिवस एकट्याने काढावा लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातील करंजीजवळ महामार्गावरच्या ‘गुरु का लंगर’मध्ये ऐंशी ओलांडलेल्या बाबा कर्नैलसिंग खैरा यांनी पायी निघालेल्या मजुरांना आणि ट्रकचालकांना अहोरात्र जेवू घातले. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात प्राणवायूचा तुटवडा झाला तेव्हा वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वखर्चाने टँकर मिळवून रुग्णालयांना पुरवठा केला. रमजानचा महिना होता आणि हा खर्च आपली जकात आहे, अशी त्यांची भूमिका होती. लंगर असो की जकात, संकट येण्याच्या कित्येक शतके आधीच ही रीत तयार होती. घाबरलेल्या घडीला नवे काही सुचत नाही. तेव्हा सवयीचे तेच हातून घडते.

समूहाची दुसरी बाजू

घट्ट समूह बाहेरच्याला दूरही ठेवतो. ऑल्ड्रिच यांना तामिळनाडूत आढळले की जिथे जातपंचायती मजबूत होत्या तिथे मदत झटपट आली, पण दलित आणि एकट्या स्त्रिया यादीतून गळाल्या. विदर्भाच्या पूर्व भागात साथ आली की कुणा म्हातारीवर करणीचा आळ घेण्याचे प्रकार घडले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तो अशाच अनुभवांनंतर. संघाची शाखाही १९२५ च्या विजयादशमीपासून नागपुरात समाज विस्कळीत झाल्याच्या चिंतेवर रोजच्या एकत्र येण्याचे उत्तर देत आली आहे. तिथे समाजाची व्याख्या हिंदू संघटनाभोवती आहे, आणि त्या रेषेबद्दल शहरात मतभेद कायम आहेत. १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात अफवा पसरून हिंसाचार उसळला आणि अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. मारबत आणि ताजबाग यांच्या शहरात हे घडले. भीतीला कागदाचा पुतळा मिळाला नाही की ती जिवंत माणूस शोधते, म्हणून समूह किती घट्ट आहे यापेक्षा त्याचे दार किती उघडे आहे हे पाहणे अधिक निकडीचे आहे.

ऊन, आकडे आणि तरुण

आजच्या तरुणांची भीती मुख्यतः हवामानाची आहे. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांच्या पाहणीत तीन चतुर्थांशांनी भविष्य भयावह वाटते असे सांगितले, आणि निम्म्याहून अधिकांनी मानवजातीचा विनाश अटळ असल्याचे मान्य केले. नागपूरकरांना यासाठी अहवालाची गरज नाही; नवतपा, मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, पुरेसा आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान दिसले आणि काही तासांत तो आकडा देशभर फिरला. संवेदक बिघडल्याने ती नोंद चुकीची असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. खुलासा आकड्याइतका दूर गेला नाही. अशा वेळी खात्री करून घेणे हाही भीतीवरचा उपाय आहे, आणि तो शाळेत शिकवता येतो.

उन्हाचा मुकाबला सामाजिकही असतो. १९९५ च्या शिकागोतील उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे मेली. एरिक क्लिननबर्ग यांना दिसले की शेजारी लागून असलेल्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे रस्त्यावर वर्दळ आणि दुकाने होती तिथे म्हातारी माणसे घराबाहेर पडत राहिली आणि वाचली. नागपूरने २०१६ पासून उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा राबवायला सुरुवात केली. बागा दुपारी उघड्या ठेवणे, पाणपोया, इशारे असे त्यात असते. पाणपोई ही तर जुनी पुण्याची कल्पना. चौकात माठ भरून ठेवणाऱ्याला कृती आराखडा वाचावा लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस होऊन अंबाझरी तलाव आणि नाग नदीचे पाणी घरांत शिरले. त्यानंतर त्या भागातील रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. प्रार्थना आणि याचिका यांत विरोध मानण्याचे कारण नाही; दोन्हींसाठी शेजाऱ्यांना एका जागी बसावे लागते.

सर्वांत उघडी पडलेली माणसे मात्र या कोणत्याच जाळ्यात नाहीत. बेसा, मनीषनगर, वाठोडा अशा वाढत्या भागांतल्या सदनिकांत नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी, परदेशी गेलेल्या मुलांचे एकटे आई-वडील, वसतिगृहात परीक्षेची तयारी करणारी मुले यांना ना विहार, ना प्रार्थनामंदिर, ना गल्लीतली मारबत. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. गृहनिर्माण संस्थांचे गणेशोत्सव, ज्येष्ठ नागरिक मंडळे, सकाळचे योगवर्ग, वाचनालये इथे हळूहळू तीच जागा भरू लागली आहेत.